शीतपेटीचं लोकार्पण

वणीच्या मैत्री सेवा क्लबात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक असायची आणि बैठकीनंतर ‘फेलोशिप’. फेलोशिप म्हणजे जेवण. बैठक वीस मिनिटांची, फेलोशिप दोन तासांची. एकदा एका अध्यक्षांनी अहवाल वाचायला अर्धा तास लावला, तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून आवाज आला, “अध्यक्ष महोदय, भजे थंडे होऊन राह्यले,” आणि उरलेला अहवाल न वाचताच मंजूर झाला.

यंदा अध्यक्षपद घनश्यामभाऊ पिंपळशेंड्यांकडे आलं. भाऊंचं मंडप-डेकोरेशनचं दुकान होतं. आसपासच्या चाळीस गावांतली लग्नं त्यांच्याच कमानीखाली लागायची. माणूस हौशी, अंगानं जाड आणि कुणाला ‘नाही’ म्हणायची सवय नसलेला. त्यांनी एकच ठरवलं होतं, की आधीच्या अध्यक्षांनी केलं ते आपण करायचं नाही. म्हणजे बाकं नाहीत, पाणपोई नाही, वह्या नाहीत. बसस्टँडवर क्लबची बाकं इतकी झाली होती की प्रवाशांना बसायला जागा होती आणि उभं राहायला नव्हती.

“काही नवीन सुचवा,” ते पहिल्याच बैठकीत म्हणाले.

मग बेबीताई उरकुडे उठल्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, क्लबातल्या एकुलत्या एक बाई. एरवी त्या बैठकीत बोलत नसत, कारण त्यांच्या मते तिथे ऐकणारं कुणी नसे.

“मागच्या मे महिन्यात माहा भाऊ गेला,” त्या म्हणाल्या. “सकाळी दहाले गेला. भाची पुण्याले. तिले यायले दुसरा दिवस लागनार. ऊन शेहेचाळीस. बर्फाच्या लाद्या आनल्या, भुसा आनला, चार पंखे लावले. पानी वाहत वाहत शेजाऱ्याच्या घरात गेलं. त्याचे सोयाबीनचे पोते भिजले, पन चांगला मानूस, काही बोलला नाही. आन भाची आली तं मलेच तिले सांगा लागलं, तोंड पाहू नको बाई, दुरूनच नमस्कार कर. आपल्याले मयत ठेवाची शीतपेटी पायजे. काचेचं झाकन असते तिले. बस, एवढंच.”

आणि त्या खाली बसल्या. ठराव एकमतानं पास झाला. विरोध करायला उभं राहणार कोण? त्या दिवशी फेलोशिपला श्रीखंड होतं, आणि ते उरलं. क्लबच्या इतिहासात श्रीखंड पहिल्यांदाच उरलं.

मार्चमध्ये पेटी आली. माणसापेक्षा वीतभर लांब, पांढरीशुभ्र, वर काच, पायथ्याशी मशीन, खाली चाकं. ट्रकवरून उतरवून घेताना सगळे सभासद हजर होते, फोटोही निघाले. मग बेबीताईंनी विचारलं, “ठेवाची कुठी?” आणि बघता बघता सगळ्यांची घरं लहान झाली. कुणाकडे लेक बाळंतपणाला आलेली, कुणाच्या अंगणात बोअरचं काम. देवसिंग राठोडच्या ट्रान्सपोर्टच्या आवारात अकरा ट्रक उभे राहायचे, पण पेटीपुरती जागा तिथे निघेना. दवाखान्यात विचारलं तर अर्ज द्या म्हणाले.

“माह्या गोदामात ठेवतो,” घनश्यामभाऊंच्या तोंडून निघून गेलं. “दोनच दिवस.”

त्यांच्या पत्नी लीलाबाई दुकानाच्या दारात उभ्या होत्या. “दोन दिवस म्हनून तुमचा मावसभाऊ आल्ता,” त्या म्हणाल्या. “सात महिने राह्यला.”

गोदामात वधूवरांच्या लाल मखमली सोफ्याशेजारी पेटी उभी राहिली. त्यावर भाऊंनी फुलांची चादर टाकली, पण चादरीमुळे ती जास्तच तशी दिसायला लागली, म्हणून काढून टाकली.

चौथ्या दिवशी मुकुटबनचे नागोराव आले. कापसाचे मोठे शेतकरी, मुलीचं लग्न काढलेलं. कमान ठरली, खुर्च्या ठरल्या, सोफा पाहायला म्हणून दोघं गोदामात गेले.

“हे काय नवीन आनलं?” पेटीवर हात ठेवून नागोरावांनी विचारलं.

“ते... फ्रीज हाये.”

“एवढं लंबं?”

“आइस्क्रीमचं,” घनश्यामभाऊ म्हणाले आणि तिथेच फसले.

“अरे वा! मंग हे बी लिहा ना जी. मठ्ठा ठेवू याच्यात. काचातून पाव्हन्यायले दिसन बी चांगलं.”

“नाही भौ, ते लग्नाचं नाही.”

“काहून? आइस्क्रीम लग्नात नाही तं कायले लागते? भाडं काय असंन ते सांगा. मी नाही म्हनून राह्यलो का?”

घनश्यामभाऊ बहाणा शोधू लागले. पेटी बिघडलेली आहे म्हणावं, तर नागोरावांनी तेवढ्यात बटण दाबून पाहिलं होतं आणि मशीन छान घुमायला लागलं होतं. ते काचेतून आत डोकावत होते. “दोन पिपे तं आरामात बसते,” ते म्हणाले.

“मयताची पेटी हाये ते,” लीलाबाई दारातून म्हणाल्या.

नागोरावांनी हात उचलला. तो धोतराला पुसला, पुन्हा पुसला. मग पेटीला एक नमस्कार केला, घनश्यामभाऊंना केला नाही, आणि निघून गेले. लग्नाचा मंडप त्यांनी दुसऱ्याकडे दिला. दोन दिवसांत गावभर झालं, की पिंपळशेंड्यांकडे आता दोन्ही सोयी आहेत. आणखी तीन लग्नं गेली.

“उद्याच्या उद्या लोकार्पण करा आन ही बाई घराबाहेर काढा,” लीलाबाईंनी सांगितलं. पेटीला त्या ‘बाई’ म्हणायला लागल्या होत्या.

लोकार्पण म्हटलं की पाहुणा हवा. वणीत उद्घाटनाला नाही म्हणणारा पुढारी अजून जन्मायचा होता, पण या पेटीनं ते करून दाखवलं. एकानं विचारलं, “फीत कुठी बांधान?” दुसरा म्हणाला, येतो, पण बटण मी दाबणार नाही. शेवटी एक नेते तयार झाले. पत्रिका छापायला दिली. छापणाऱ्यानं नेहमीच्या पद्धतीनं वर नेत्यांचा हात जोडलेला फोटो टाकला आणि खाली पेटीचा. ती पत्रिका सकाळी मोबाईलवर फिरली. दहा वाजेपर्यंत नेत्यांच्या घरी त्यांची धाकटी बहीण रडत येऊन पोचली, मागून साडूही आले. नेते स्वतः दाढी करत होते. त्यांनी साबण लागलेल्या तोंडानंच घनश्यामभाऊंना फोन केला, आणि जे बोलले ते भाऊंनी लीलाबाईंनाही सांगितलं नाही.

एप्रिलच्या बैठकीत देवसिंगनं तोडगा काढला. “पाव्हना कायले पायजे? पहिला उपयोग होईन तेच लोकार्पण.”

सगळ्यांना पटलं. म्हणजे आता नुसती वाट पाहायची. पण वाट पाहायला लागलं की माणसाचं डोकं नको तिकडे जातं. त्याच आठवड्यात घनश्यामभाऊंच्या गल्लीतले पंजाबराव नगराळे आजारी पडले.

पंजाबराव चौऱ्यांशी वर्षांचे. कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. रिटायर होऊन जमाना झाला तरी गल्लीत कुणाचा पंखा बंद पडला की आधी त्यांना दाखवायचा रिवाज होता. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. ताप आला आणि ते आठ दिवस खाटेवर पडून राहिले. नवव्या दिवशी घनश्यामभाऊ भेटायला गेले. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. लहानपणी त्यांना सायकल पंजाबरावांनीच शिकवली होती. जाताना त्यांनी मोसंबी घेतली, आणि खाटेजवळ पोचल्यावर पाहिलं, तर तिथे मोसंब्यांचा ढीग होता.

“ये,” पंजाबराव म्हणाले. “तूच राह्यला होता.”

“कसं हाये काकाजी?”

“दोन वर्सं झाले, तुह्या कलबातला एक मानूस माह्या दारात आला नाही. चार दिवसात अकरा आले. मोसंब्या पाह्य. सून म्हने दुकान टाकू.” त्यांनी कूस बदलली. “तो देवसिंग आल्ता काल. बसला, चहा पेला. मंग म्हनते, काकाजी, तुमची उंची किती असंन?”

घनश्यामभाऊंनी मान खाली घातली.

“म्या सांगतली. पाच फूट नऊ. तं म्हनते, बसते. मी म्हनलो, काय बसते रे? तं म्हनते, काही नाही, निघतो.” पंजाबराव उठून बसले. “घनश्या, तुमी लोकं मले उद्घाटनाले धरून राह्यले का?”

घनश्यामभाऊंना वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. “काकाजी, चुकलं,” एवढंच त्यांना म्हणता आलं. खाली पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले. जाड माणूस रडायला लागला की अंगभर रडतो. त्यांच्याखालची खुर्ची करकरायला लागली.

“रडू नको, खुर्ची तुटन,” पंजाबराव म्हणाले. “पेटी आन इकडे. मले पाहू दे.”

“कायले काकाजी?”

“म्या जिंदगीत कोनतं मशीन पाह्यल्याबिगर वापरलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांवरून ढकलत पेटी गल्लीत आणली. बायकांनी पोरांना घरात ओढलं. पंजाबराव लुंगीवर बाहेर आले, हातात टेस्टर आणि डोळ्यांना चष्मा. त्यांनी काच ठोकून पाहिली, पेटीला प्रदक्षिणा घातली, मागचं झाकण उघडायला लावलं आणि तासभर आतल्या तारा तपासत बसले. ताप कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही. सून दोनदा बोलवायला आली आणि दोनदा ओरडा खाऊन गेली.

“कोन्या गाढवानं घेतली ही?” अखेर ते म्हणाले. “अर्थिंगचा तार सुटेल हाये. खेड्यात कोनाच्या घरी लावान आन काचाले हात लावून रडान. पेटीत एक आन बाहेर चार पडन. स्टॅबिलायझर नाही. लाइट गेली तं काय करनार? जनरेटर कुठी हाये?”

“लग्नाचा हाये माह्याकडे.”

“मंग तो याच्यासंगच जाईन. लिहून घे.”

घनश्यामभाऊ लिहून घेऊ लागले. वायर अशी, प्लग असा, उतारावर ठेवायची नाही. लिहिता लिहिता त्यांना जाणवलं, की गेल्या दोन महिन्यांत ही पेटी कशी चालते हे क्लबातल्या एकाही माणसानं पाहिलेलं नाही. सगळ्यांनी फक्त ती कुठे ठेवायची नाही तेवढं पाहिलं होतं.

“काकाजी,” ते म्हणाले, “लोकार्पण तुमीच करा. बटन तुमी दाबा.”

पंजाबरावांनी चष्म्यावरून पाहिलं. “दाबतो. पन मंग मी आत झोपनार नाही, हे त्या देवसिंगाले सांगून ठेव.”

रविवारी गल्लीतच कार्यक्रम झाला. पंजाबरावांनी पांढरा सदरा घातला, हात जोडले आणि बटण दाबलं. मशीन घुमलं. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना, तेव्हा पंजाबरावांनी स्वतःच वाजवल्या. मग भाषण केलं, ते असं: “खानीतला माहा जोडीदार गेल्ता तवा त्याचं पोरगं फौजेत होतं, आसामात. त्याले यायले दोन दिवस लागले. बर्फ भेटला तो मच्छीवाल्याचा. पोरगं आलं, बापाजवळ बसलं, आन त्याले पूर्ण वेळ मच्छीचा वास येत राह्यला. त्यानं नंतर मच्छी खाल्ली नाही. बस. ज्याले लागन त्यानं फोन करावा. आन देवसिंग, उंची कोनाची इचारू नको. पेटी सव्वासहा फुटाची हाये, सगळे बसते.”

देवसिंग सगळ्यात जोरात हसला आणि सगळ्यात आधी थांबला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, फोन आला. मुकुटबनच्या पुढे आठ किलोमीटरवरच्या खेड्यातून अक्षय नावाचा मुलगा बोलत होता. त्याची मावशी कांताबाई सकाळी गेली होती. तिची एकुलती एक मुलगी रुपाली बंगलोरला कंपनीत कामाला. ती निघाली होती, पण पोचायला उद्याची सकाळ होणार होती.

घनश्यामभाऊंनी देवसिंगला फोन केला. देवसिंगच्या अकराही ड्रायव्हरांना त्याच मिनिटाला काही ना काही झालं. कुणाचं पोट दुखायला लागलं, कुणाची सासू आली. पंधरा वर्षं स्टिअरिंगला हात न लावलेला देवसिंग मग स्वतःच पिकअप घेऊन आला. येताना त्यानं दुकानासमोरची एक कुंडी फोडली. पेटी मंडपाच्या दोरांनी बांधली. पंजाबराव न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसले. बेबीताई जुनी नर्सची पिशवी घेऊन आल्या. जनरेटरची गाडी मागे जोडली, तेव्हा लक्षात आलं की तिच्या तिन्ही बाजूंना मोठ्या लाल अक्षरांत ‘शुभविवाह’ लिहिलेलं आहे.

सगळे त्या अक्षरांकडे बघत उभे राहिले. लीलाबाई आत गेल्या, तीन पांढऱ्या चादरी घेऊन आल्या आणि गाडीला चारी बाजूंनी गुंडाळल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि मागे चढून बसल्या.

“तुमी कुठी?” घनश्यामभाऊंनी विचारलं.

“चादरी उडाल्या म्हंजे कोन धरनार? तुमी?”

कांताबाईंचं घर लहान होतं. पेटी दारातून आत जाईना. देवसिंग म्हणाला चौकट काढू, घनश्यामभाऊ म्हणाले पेटी उभी करू, आणि दोघांनाही बेबीताईंनी गप्प केलं. पेटी ओसरीत ठेवली. पंजाबरावांनी भिंतीतला प्लग पाहिला आणि त्यांना इतका राग आला की त्यांनी आधी तोच बदलला. गावात लाइट होती, पण बल्बची तार नुसती लाल होत होती. जनरेटर लावला. बेबीताई आणि लीलाबाईंनी शेजारणींच्या मदतीनं कांताबाईंना नीट केलं, लुगड्याचा काठ सारखा केला. चार जणांनी उचलून आत ठेवलं. झाकण लागलं. थोड्या वेळानं काचेला बाहेरून हलकी वाफ धरली आणि पंजाबराव म्हणाले, “बरोबर चाललं.”

कुणी फोटो काढला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ते सगळे आळीपाळीनं तिथेच थांबले. जनरेटरला डिझेल घालायचं, काच पुसायची, गावातल्या म्हाताऱ्यांना पुन्हा पुन्हा समजावायचं की आत करंट लागत नाही. कांताबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी खिचडी भरवलेली होती. त्यामुळे येणारा प्रत्येक जण काचेजवळ उभं राहून त्यांच्याशी काही ना काही बोलून जायचा. एक मिशाळ गडी म्हणाला, “मावशी, म्या तुही वाटी फोडली होती, सांगतलं नाही.” आणि तो बाहेर जाऊन बसला.

सकाळी आठला बल्लारशाहून गाडी करून रुपाली आली. ओसरीच्या पायरीवर थबकली. अख्खा प्रवास तिनं स्वतःला कशासाठी तयार केलं होतं कोण जाणे, पण हे नव्हे. ती हळूच पुढे आली, काचेवर दोन्ही हात ठेवले आणि खूप वेळ आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं हात उचलून तळवे पाहिले.

“किती गार हाये,” ती म्हणाली. “थंडी वाजत असंन तिले.”

“वाजू दे बाई,” बेबीताई म्हणाल्या. “उन्हाळाभर उकडलं तिले.”

रुपाली त्यांच्याकडे पाहून हसली आणि मग रडायला लागली. हसणं थांबलं नाही आणि रडणंही थांबलं नाही. लीलाबाईंनी तिला जवळ घेतलं. घनश्यामभाऊ ओसरीबाहेर गेले आणि बिनकामाचे दोर गुंडाळत बसले.

अंत्यविधी झाल्यावर शेजारच्या घरच्यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. अंगणात लिंबाखाली बसवलं, ज्वारीची भाकर, वरण आणि कांदा वाढला. काल दुपारपासून कुणाच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. देवसिंगनं पाच भाकरी खाल्ल्या. बैठक नव्हती, अहवाल नव्हता, कुणी कुणाला ‘महोदय’ म्हणत नव्हतं. पंजाबराव जेवताना झाकणाचं रबर सैल आहे म्हणून तक्रार करत होते आणि घनश्यामभाऊ भाकरीच्या घासाबरोबर मान हलवत होते. इतकं चवीनं आपण क्लबात कधी जेवलो ते त्यांना आठवेना.

जूनच्या बैठकीला उशीर झाला. पेटीसोबत कुणी जायचं याची यादी करायची होती, आणि बावीसपैकी सतरा जणांना पहिलं नाव आपलं हवं होतं. भांडणं झाली. भजी थंड झाली आणि कुणी बोललं नाही. पेटी मात्र गोदामातच राहिली. देवसिंगनं आवारात जागा करून दिली होती, पण लीलाबाईंनीच सोडली नाही. तिथे ट्रकची धूळ उडते म्हणाल्या. सोफा त्यांनी दुसऱ्या खोलीत हलवला.

फोनही आता त्याच घेतात. दुकानाच्या गल्ल्यावर बसून एकीकडे लग्नाच्या तारखा लिहीत असताना तो वाजतो. त्या पेन खाली ठेवतात, समोरच्या नवरदेवाच्या बापाला हातानं थांबवतात, पदर डोक्यावर घेतात आणि पलीकडच्या माणसाला बोलता येईपर्यंत थांबून मग विचारतात, “सांगा बावा. कोन यायचं राह्यलं?”